शगुनाचा घास

परवा ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका बाईंनी, माझी टेप त्यांच्या दंडाभोवती असतानाच, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ताई, हे पाहा ना, कित्ती गोड!" कुठल्याशा लग्नातला व्हिडिओ होता. वरातीच्या घोडीला चिकटून एक शिंगरू उभं. सुटाबुटातला एक गृहस्थ त्याला पेढा दाखवतो, मागे घेतो, पुन्हा दाखवतो. शेवटी शिंगरू त्याचं बोटच धरतं, तो कळवळून ओरडतो आणि सगळा मांडव हसतो. बाईही हसत होत्या. हसताना दंड हलला आणि माप चुकलं. मी पुन्हा टेप लावली आणि म्हणाले, "यात गोड काय आहे?" आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण पलीकडे मशीनवर बसलेल्या मुलीनं पाय थांबवून माझ्याकडे पाहिलं.

वैशाख लागला की यवतमाळच्या या गल्लीत आम्हा शिवणाऱ्या बायकांना जेवायला फुरसत नसते. खणांचे ढीग, अस्तराच्या चिंध्या, "ताई, उद्याच हळद आहे" अशी रोजची रड. उन्हानं पत्रा तापतो, पंखा गरम हवाच फिरवत बसतो. यातलं मला काहीच जड जात नाही. मला त्रास होतो तो रस्त्यावरून बँडचा आवाज आला की. कारण बँडच्या मागे घोडी असते, घोडीच्या मागे कधी कधी शिंगरू असतं आणि शिंगराभोवती माणसं असतात. ऊन लागून होत नाही एवढी माझ्या अंगाची लाही ती माणसं बघून होते.

आणखी एक सांगून टाकते. मी वांग्याचं भरीत खात नाही. सासरी सगळ्यांना वाटतं, वांगं मला बाधतं. मी तसंच वाटू दिलं आहे. पण चुलीवर वांगं भाजल्याचा वास आला, साल करपून तडतडल्याचा आवाज आला, की मी उठून अंगणात जाते. त्या वासाबरोबर एक अख्खी लग्नसराई माझ्या नाकात शिरते.

माझं माहेर घाटंजीचं. अब्बा घोडीवाले. नूरी नावाची आमची एकच घोडी, तांबड्या रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. अर्ध्या तालुक्यातले नवरदेव तिच्या पाठीवर बसून बोहल्यापर्यंत गेले असतील. लग्नसराईत आमच्या घरात चिंचेचा आंबूस वास असायचा, कारण अम्मी घोडीचे पितळी दागिने चिंचेनं घासायची. दारात लाल मखमलीची झूल वाळत घातलेली असायची, तिच्या आरशांचे कवडसे भिंतीवर नाचायचे. मी आयुष्यात पहिलं काही शिवलं असेल तर ती झूलच. आजही मखमल हातात आली की मला घोडीच्या घामाचा वास येतो आणि बरं वाटतं. हे गिऱ्हाइकांना सांगायची सोय नाही.

पौषातल्या एका सकाळी नूरीनं मैनाला जन्म दिला. तुरीच्या कुटारावर, त्या भुशावर, ओलीचिंब पडलेली, पाय कुठले कुणाचे कळत नव्हते, आणि रंग असा काळाभोर की अम्मी म्हणाली, "ही तं कोळशाच्या पोत्यातून आली वं." दुपारपर्यंत ती उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तिनं माझी ओढणी चघळून पाहिली होती. शिंगराचं सगळं जग तोंडातूनच आत जातं. तान्हं मूल जसं हाती लागेल ते तोंडात घालतं, तसंच ते. त्यात खोड काही नसते.

खोड माणसं लावतात. हे मी रागानं म्हणते, आणि आज इतक्या वर्षांनीही मला त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

आमच्या भागात वरात मुलीच्या दारात पोचली, की नवरदेव उतरायच्या आधी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ भरवतात. त्याला शगुन म्हणायचं. भरवायचा कसा, तर तळहातावरून. नूरी हा घास ओठांच्या टोकांनी असा उचलायची की बायकांना गुदगुल्या व्हायच्या. ती जुनीजाणती होती, दात कुठे ठेवायचे ते तिला ठाऊक होतं. पण मैना तिच्या मागे मागे वरातीत यायला लागली, कारण पितं शिंगरू घरी ठेवलं तर ते तिकडे ओरडतं आणि घोडी इकडे. झालं. एवढंसं काळं शिंगरू बघून दोन्हीकडचे वऱ्हाडी वेडे झाले. यालाही शगुन द्या म्हणाले. आधी नवऱ्या मुलीच्या आईनं दिला, मग काकूनं, मग मामीनं. मग ज्यांचा शगुनाशी काडीचा संबंध नाही त्यांनी दिला. बुंदी, पेढे, शेव, कुणी आइस्क्रीमची काडी. हात पुढे आला की त्यात काहीतरी असतं, हे मैना पहिल्याच सराईत शिकली.

आणि चावायलाही तिथेच शिकली. गावातले एक शेठजी होते. कापसाचा मोठा व्यापार, प्रत्येक लग्नात पहिल्या खुर्चीवर मान. त्यांना मैनाचं फार कौतुक. तिच्या तोंडात बोट घालून ते म्हणायचे, "दात आले का पाहू बरं." तिनं बोट धरलं की "आय वं, धरलं रे धरलं!" म्हणून खो खो हसायचे. त्यांच्यासोबत सगळे हसायचे. मैना कान टवकारून त्या हसण्याकडे बघायची. आपण काहीतरी छान केलं असं तिला वाटलं असणार. मग ती तेच पुन्हा करायची. कोण नाही करणार?

मैना काळी होती, हा तिचा दुसरा गुन्हा. काळ्या घोडीच्या शेपटीचा केस बाळाच्या मनगटाला बांधला की त्याला नजर लागत नाही, असं लोक मानतात. मानोत बापडे. पण तो केस मागून घ्यावा, कात्रीनं कापावा, एवढी रीतभात कुणाकडे असावी? वरातीच्या गर्दीत मागून गुपचूप यायचं, एक केस बोटाला गुंडाळायचा आणि हिसका द्यायचा. मैना दचकून उडायची, केस घेणारा हसत गर्दीत शिरायचा. माझी वेणी कुणी अशी मागून ओढली असती, तर मीही लाथच मारली असती आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली असती.

अब्बा यातलं सगळं बघायचे. अब्बांना आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. उंच, वाकलेले, नेहमी अर्धवट हसरे. लोकांनी हात पुढे केला की ते म्हणायचे, "शगुन आहे, देऊ द्या." केस उपटला की म्हणायचे, "लेकरासाठी घेऊन राह्यले, घेऊ द्या." मी चिडायची. "अब्बा, तुमी नाही काहून म्हनत नाही त्याइले?" तर म्हणायचे, "लोकायच्या खुशीत आपली रोटी आहे वं माय. कोनाकोनाचा हात झटकू?" मला तेव्हा अब्बांचाही राग यायचा, आणि तो लोकांवरच्या रागापेक्षा जास्त जळायचा. स्वतःच्या माणसावरचा राग तसाच असतो.

शिंगरू वाढतं. माणसांची मस्करी मात्र वाढत नाही, ती तेवढीच राहते. पुढच्या सराईला मैना माझ्या खांद्याला लागली होती, मान भरली होती, जबडा भरला होता. रिकामा हात पुढे आला की तिला वाटायचं, आपल्याला फसवलं. आणि फसवलेलंच असायचं. एका करवलीच्या मेंदीच्या हाताला तिचे दात लागले. एका नवरदेवाच्या मामाचा खांदा तिनं शर्टासकट धरला. मागून केस ओढणाऱ्या एका जाडजूड पाहुण्याला तिनं अशी लाथ घातली की तो बँडवाल्याच्या ढोलावर जाऊन बसला आणि ढोल फुटला. गेल्या वर्षी जे हसले होते, तेच आता ओरडत होते. तेच दात, तेच पाय, तीच मैना. फक्त आता लागत होतं.

मग सल्ले सुरू झाले. बाई गं, ते सल्ले! ज्यांनी पेढे चारले तेच आले सांगायला. कुणी म्हणालं मुसकं बांधून ठेवा, कुणी म्हणालं नाकावर काठी हाणा, कुणाला पुढचे दात काढून टाकायचे होते. शेठजी आमच्या ओट्यावर चहा पीत म्हणाले, "वांगं भाजा. चांगलं फुलवा निखाऱ्यावर, अन् गरमागरम द्या चावाले. एकडाव तोंड पोळलं का जन्मात कोनाले दात लावत नाही." डॉक्टरनं गोळी लिहून द्यावी तितक्या सहजतेनं ते बोलले. पुन्हा कपात फुंकर घातली, चहा फार गरम होता म्हणून.

भाजलेलं वांगं बाहेरून निवल्यासारखं दिसतं आणि आत उकळत असतं. जनावर खाऊ समजून विश्वासानं चावतं आणि तो लगदा जिभेला, टाळूला चिकटून बसतो. थुंकता येत नाही. मी ते ऐकलं आणि चुलीवरचं सगळं दूध उतू जाऊ दिलं, कारण मला जागचं हलताच येईना.

अब्बांनी वांगं भाजलं नाही. पण शेठजींना 'नाही' सुद्धा म्हटलं नाही. मारेगावकडचा एक वीटभट्टीवाला जनावरं शोधत होता. माती वाहायला त्याला खोडील घोडं चालत होतं, तो सरळ तोंड बांधून कामाला जुंपायचा. त्याच्या भट्टीवरची घोडी मी पाहिलेली होती. पाठीला जखमा, डोळ्यांत माशा, तोंडाला तारेचं मुसकं. बँडवाले आणि लग्नं जुळवणारे अब्बांना म्हणाले, "पुढच्या सराईत हिचा दात कोनाले लागला, तं हिले भट्टीवर देऊन टाकायची. नाहीतर तुमच्या नूरीलेबी कोनी बोलावनार नाही." अब्बा नेहमीसारखे अर्धवट हसले आणि मान हलवली. कबूल झालं.

मग ती घोडी सरळ करायचं मी मनावर घेतलं. मी तेव्हा विशीतली, शिलाईचा क्लास संपलेला, घरात स्थळं यायला लागलेली. "पोट्टी घोडीच्या मागं लागली" म्हणून मोहल्ल्यात हसू झालं. हसू दे. मला त्या भट्टीची तार दिसत होती.

पहिल्यांदा मी स्वतःलाच रोखलं, कारण मला मैनाचाही राग आला होता. एकदा तिनं माझं कोपर धरलं आणि मी झाडू उचलला. अम्मी आतून ओरडली, "तोंडावर मारू नको वं तिले! मारलं का थे हाताले भ्याते, अन् भ्यालेलं जनावर आधी चावते." मी झाडू खाली ठेवला आणि घोड्यांच्या ठाणाच्या कडेला बसून नूरीकडे बघत राहिले. मैना तिच्या पोटाशी लुडबुड करत होती. लुडबुड वाढली, तशी नूरीनं नुसते कान मागे पाडले. मैनानं ऐकलं नाही. नूरीनं मान वळवून एक जोरात फुर्र केलं, खांद्यानं तिला बाजूला लोटलं आणि पुन्हा शांतपणे कडबा खायला लागली. राग नाही, हसू नाही, मागून लाड नाहीत. मैना निमूट दोन पावलं मागे गेली. आईला ती कधीच चावली नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं. चावायची ती फक्त माणसांना. कारण फक्त माणसंच आधी हसली होती आणि मग मारायला धावली होती.

तेव्हापासून आमच्या घरात हातानं भरवणं बंद. गूळ असो की गाजर, घमेल्यात टाकायचं आणि घमेलं जमिनीवर ठेवायचं. मैनाचं तोंड माझ्याकडे आलं, दात दिसले, की मी एकच "ए!" करायची, पाठ फिरवायची आणि घमेलं उचलून चालू पडायची. ती ठाणावर उभी राहून विचार करायची. खरंच करायची, तिचा खालचा ओठ लोंबायचा. मी थोड्या वेळानं परत यायची, जसं काही झालंच नाही. मागच्या पायांसाठी मी खराऱ्याचा ब्रश घेऊन खांद्यापासून सुरुवात करायची, तोंडानं काहीतरी बोलत राहायची, हात अंगावरून न उचलता पाठीवरून मागे मागे न्यायची, म्हणजे मी कुठे आहे ते तिला कळत राहायचं. शेपटीपाशी पोचले की तिचं कातडं थरथरायचं. तिथे मी हात तसाच ठेवायची, ओढायची नाही. थरथर थांबली की पुढे. पावसाळा यातच गेला. घाटंजीच्या बाजारात कापसाच्या पेरणीच्या बाता चालल्या होत्या आणि मी पत्र्याखाली घोडीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून उभी होते. माझ्या आयुष्यातले इतके शांत तास पुन्हा आले नाहीत.

दिवाळीनंतर ती पाय उचलून द्यायला लागली. संक्रांतीच्या सुमारास मी तिच्या मागून चालत गेले आणि तिनं नुसता एक कान वळवून पाहिलं. मी पळत जाऊन अम्मीच्या गळ्यात पडले. अम्मीच्या हाताला कणीक होती, ती माझ्या केसांना लागली.

आणि इथेच माझा राग पुन्हा उसळतो. त्या लोकांनी जे एका सराईत हसता हसता बिघडवलं, ते नीट करायला मला एक अख्खं वर्ष लागलं. बिघडवणाऱ्यांपैकी कुणाला त्याची खबरही नव्हती. ते आपले दुसऱ्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या शिंगराला पेढा दाखवत होते.

ती सराई आली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. मैनावर अजून कुणी बसत नव्हतं, पण बँडची, फटाक्यांची सवय व्हावी म्हणून ती नूरीच्या बाजूला चालायची. तिची दोरी माझ्या हातात. घोडीवाल्याची मुलगी वरातीत चालते म्हणून लोक बघायचे. मी ओढणी कमरेला खोचून सरळ समोर बघायची. कमरेला घमेलं बांधलेलं असायचं, चालताना ते पितळी घुंगरांबरोबर टणटण वाजायचं. शगुन द्यायची वेळ आली की मी घमेलं खाली ठेवायची आणि म्हणायची, "यात टाका." बायका नाक मुरडायच्या, पण टाकायच्या. मैना घमेल्यात तोंड घालून खायची. अशी किती लग्नं झाली. एकालाही दात लागला नाही.

मग शेठजींच्या पुतण्याचं लग्न आलं. ऐन वैशाख, ऊन कलतं झालेलं, मुलीचं दार दोन गल्ल्या पलीकडे. मांडवामागे आचाऱ्यांच्या भट्ट्या धगधगत होत्या. मुलीच्या दारात वरात थांबली. नवरदेव नूरीवर, तोंडावर मुंडावळ्या, मानेवरून घामाचे ओघळ. शेठजी फेटा बांधून पुढे आले, हातात पेढा.

"अरे, मैना मोठी झाली! मले वळखते का पाहू."

मी घमेलं खाली ठेवलं. "शेठजी, यात टाका."

"लहानपनी माह्याच हातचं खाल्लं हिनं. तू मले शिकवतं का, पोट्टी?"

मागे कुणीतरी हसलं. शेठजींनी पेढा तिच्या नाकाशी नेला आणि मागे घेतला. मैनानं माझ्याकडे पाहिलं. मी "शेठजी, नका" म्हणाले. त्यांनी पुन्हा पेढा दाखवला, पुन्हा मागे घेतला. मैनाची मान ताठ झाली, कान मागे गेले, पण ती जागची हलली नाही. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मग ती काही करत नाही असं बघून शेठजींनी टिचकी मारली. सरळ तिच्या नाकपुडीवर. मऊ, ओलसर, सगळ्यात नाजूक जागा. आणि तोच हात पुन्हा पुढे धरला.

तिनं तो धरला. रक्त नाही आलं, करंगळीखाली दातांचा निळा ठसा उमटला एवढंच. लगेच सोडूनही दिला. पण शेठजी असे किंचाळले की बँड थांबला.

"धरला! धरला भाऊ सैताननं! सांगतलं होतं का नाही मी? आचाऱ्याले म्हना, वांगं आना. फुललेलं आना!"

त्यांना हे सुचायला एक क्षणही लागला नाही, जणू ते वर्षभर त्या वांग्याची वाट बघत होते. कुणीतरी मांडवामागे पळालं. मी मैनाची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओरडत सुटले. काय ओरडले ते आठवत नाही. टिचकी मारलेली तुम्ही सगळ्यांनी पाहिली, असं काहीतरी. पाहिली होतीच. बँडवाले खाली बघत होते. दोन तगडे पाहुणे मैनाचं तोंड धरायला पुढे आले. लग्नं जुळवणारा अब्बांच्या कानाशी म्हणाला, "आता भट्टीवाल्याले कळवतो मी."

वांगं आलं. पत्रावळीवर, काळं ठिक्कर, देठाशी वाफ निघत असलेलं. ते शेठजींनी अब्बांपुढे धरलं. जनावर अब्बांचं, म्हणजे हातही अब्बांचा हवा.

अब्बांनी नूरीचा लगाम बँडवाल्याच्या हातात दिला. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "तू गप राय, माय." आयुष्यभर ज्यानं कुणाला 'नाही' म्हटलं नाही, तो माणूस आज कसा म्हणणार? अब्बांनी पत्रावळ घेतली नाही. वांगं तेवढं उचललं आणि उघड्या तळहातावर ठेवलं, घोडीला शगुन द्यायला ठेवतात तसं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते अर्धवट हसू पहिल्यांदाच पुसलेलं मी पाहिलं.

आणि ते मैनाकडे गेले नाहीत. ते शेठजींपुढे जाऊन उभे राहिले.

"शेठजी, हिच्या तोंडात पयलं बोट तुमी घातलं होतं. हिनं धरलं तवा तुमी हासले, मीबी हासलो. तिले वाटलं, चावनं म्हंजे खेळ. आता इलाज करायचाच, तं शिकवनाऱ्यापासून करू." त्यांनी हात शेठजींच्या ओठांपर्यंत नेला. "घ्या. शगुन आहे."

कुणी हसलं नाही. वांग्याचा रस अब्बांच्या मनगटावरून ओघळत होता. शेठजी एक पाऊल मागे सरकले. अब्बा एक पाऊल पुढे गेले. हात तसाच. मांस भाजल्याचा वास येतोय असं मला वाटलं, खरा होता की नाही देव जाणे. मैनाचं तोंड धरायला आलेल्या दोघांनी आपले हात खिशात घातले.

शेवटी वरून, नूरीच्या पाठीवरून, नवरदेव मुंडावळ्यांतून म्हणाला, "काका, चाला ना आता! जीव चालला इथं उन्हानं."

त्यावर मात्र माणसं हसली. शेठजी "हॅट" म्हणून वळले आणि मांडवात गेले. अब्बांनी वांगं नालीत टाकलं, हात धोतराला पुसला आणि डाव्या हातात लगाम घेतला. लग्नं जुळवणाऱ्याला ते तेव्हाच म्हणाले, "भट्टीवाल्याले नको कळवू. देत नाही मी." त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनाही तो नवाच होता, कारण म्हणून झाल्यावर ते जरा गोंधळून उभे राहिले.

त्यानंतर शेठजींच्या गोतावळ्यातल्या एकाही लग्नात आम्हाला बोलावणं आलं नाही. नाही तर नाही. त्या रात्री अम्मी अब्बांच्या पोळलेल्या हाताला कोरफड लावत त्यांना बोलत होती, रडतही होती, आणि मध्येच हसतही होती.

मी हे सगळं त्या व्हिडिओवाल्या बाईंना सांगितलं नाही. माप पूर्ण केलं, गळा किती खोल ते विचारलं, आणि एवढंच म्हणाले, "तो व्हिडिओ पुढे कुणाला पाठवू नका. त्या शिंगराला उद्या कुणीतरी मारणार आहे." बाई मोबाइलकडे बघत राहिल्या. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही.

नूरी आता नाही. मैना आता तीच मखमलीची झूल घालून नवरदेव नेते आणि तिला या पौषात तांबडं शिंगरू झालं आहे. मागच्या आठवड्यात मी घाटंजीला गेले, तेव्हा अब्बा त्या दोघांना घेऊन वरातीला निघाले होते. मीही सोबत गेले. मुलीच्या दारात नेहमीचीच गर्दी. कुणाचा तरी मावसा पेढा घेऊन शिंगराच्या नाकाशी गेला, सगळे मोबाइल वर झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला निघालीच होती, तोच अब्बांनी आपला उजवा हात मध्ये घातला. तळहात उघडा, मधोमध कातडीचा चकचकीत, रेषा पुसलेला गोल. मावसा त्या हाताकडे बघत थबकला.

अब्बा आता पूर्वीसारखे हसत नाहीत. "शगुन घमेल्यात टाका," ते म्हणाले.

त्यानं टाकला. शिंगरानं आईच्या तोंडाशेजारी तोंड घालून तो खाल्ला, आणि कुणाच्याही हाताकडे पाहिलं नाही.